बावडीतली मोटर वर काढण्याबाबत

बिस्मिल्लाह.

मी, इमाद उस्मान बागवान, वय वर्षे सत्तावीस, धंदा मजुरी, मूळचा राहणार बागवान वस्ती, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला, सध्या मुक्काम मोरबी, राज्य गुजरात, टाइलच्या कारखान्यातली मजुरांची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. किडन्या गेल्या आहेत, पण मृत्युपत्राला डोकं लागतं, किडनी लागत नाही, असं इथल्या वकिलांनी सांगितलं. मी नशा करत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असेल तर तो लिहू नको म्हणून आणला आहे.

मी मराठी शाळेत सातवीपर्यंत बसलो. बसलो असं म्हणायचं, नाहीतर एका जागी बसणं मला कुठेच जमलं नाही, शाळेत नाही, वावरात नाही. अकोला झालं, सुरत झालं, वापी झालं, मग हे. त्यामुळे कायद्याचं वाक्य अर्ध्यात सुटून घरच्या बोलण्यावर गेलं तर तेवढ्यासाठी कागद बाद समजू नये.

हा कागद अमरीनने वाचावा. अमरीन म्हणजे माझे मोठे भाऊ शाकीबभाई यांची मुलगी, चौथीत आहे. माझे वडील, म्हणजे अब्बा, उर्दू वाचतात, मराठी वाचत नाहीत. शाकीबभाई दोन ओळी वाचून खिशात घालतील. अनीसाभाभी वाचायला लागल्या तर त्यांना मध्येच गप्प बसवतील. पण अमरीन वाचत असली की अब्बा तिला तोडत नाहीत. अमरीन, मोठ्याने वाच. जिथे तुझं नाव येईल तिथे थांबू नको, पुढे जा.

आता हे का लिहितो ते. जिवंत इमादचं घरात कोणी ऐकत नाही. अब्बा चार वर्षं माझ्याशी बोललेले नाहीत. शाकीबभाई फोन उचलतात, पण बावडीचं नाव काढलं की म्हणतात, "तू तिकडे बसून इथलं पाणी पिऊन राहिला का? मंग तुले काय करायचं?" आणि ठेवून देतात. मात्र आमच्या घरात मेलेल्या माणसाचा शब्द कोणी मोडत नाही. पणजोबांना जाऊन जमाना झाला, तरी त्यांनी बावडीवर बसवलेल्या दगडापुढे आजही कोणाचं चालत नाही. म्हणून मीही आता मेलेल्यांत नाव घालतो. दुसरा रस्ता मला दिसला नाही.

१. माझी मालमत्ता. वडील हयात असताना मुलाचा जमिनीत हिस्सा नसतो, हे आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून वावरावर, घरावर आणि बावडीवर माझा कसलाही दावा नाही. माझं स्वतःचं जे आहे ते एवढंच: बँकेत असेल ते, ठेकेदाराकडची मजुरी, एक मोबाइल, एक जुनी मोटरसायकल जी शाकीबभाई चालवतात, आणि बावडीत सोडलेली पाणबुडी मोटर, तिचा पाइप, केबल आणि स्टार्टरसकट. मोटर माझ्या कमाईची आहे. पावतीवर माझं नाव आहे.

शरीअतप्रमाणे मला तिसऱ्या हिश्श्याचीच वसीयत करता येते, बाकीचं वारसाचं. अम्मी हयात नाही, माझं लग्न झालं नाही, तेव्हा वारस एकटे अब्बा. बँकेतलं आणि मजुरी अब्बांची. मोटर तिसऱ्या हिश्श्यात बसते की नाही हे इथल्या मशिदीच्या हाफिजसाहेबांनी बसून पाहिलं. बसते. मोटरसायकल शाकीबभाईंकडेच राहू द्यावी, अब्बांची हरकत नसेल तर. तिचा क्लच मीच बिघडवला असं ते सांगत फिरतात. ते खोटं आहे, आणि मी मेल्यावरही खोटंच राहील.

२. मोटर. बावडीतली मोटर मी माझा जोडीदार शेखर, राहणार गुरुकुंज मोझरी, याला देतो. त्याने स्वतः वस्तीवर यावं, चेनकप्पी लावून मोटर पाइपासकट वर काढावी आणि घेऊन जावं. त्याला अडवू नये, त्याची वस्तू आहे. त्याला मोटर मिळते म्हणून त्याला साक्षीदार केलेलं नाही.

शेखरला मोटर मिळाली असं वाचून शाकीबभाईंना वाटेल की मी दोस्ती निभावली. तसं नाही. शेखरवर माझा रागच आहे. आम्ही दोघं सुरतेला पहिल्यांदा कामाला होतो तेव्हा मी सांगितलं की आमच्या बावडीला पाणी कमी पडतं. तो म्हणाला, "आमच्याकडं जेवढं खोल जाशीन तेवढं गोड पाणी लागते गा." त्याच्याकडे ते खरं आहे, तिकडे खाली काळा दगड आहे. आमचा भाग खारपाण पट्ट्यातला. पूर्णेची काळी माती, कितीही खाली जा दगड लागत नाही, खारं पाणी लागतं. मी त्याच्या गावची गोष्ट आमच्या गावाला लावली, पैसे पाठवले, बावडीच्या तळाला बोअर मारायला लावलं आणि त्या बोअरात मोटर सोडली. त्याच्या आधी, मी शाळेत असताना, दुष्काळात अब्बांनीही बावडी खोल केली होतीच. पाणी भरपूर आलं. सगळ्या वस्तीने पेढे खाल्ले. मेथीची पानं कडेने जळायला लागली तेव्हा आम्ही बियाणेवाल्याला शिव्या दिल्या.

मोझरीला ती मोटर गोड पाणी ओढेल. शेखरने रोज तिचं बटण दाबताना माझी आठवण काढावी, एवढी शिक्षा त्याला पुरे.

३. तीन मजकूर. हे कलम सगळ्यात लांब आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. अमरीन, पाणी पिऊन घे. बादलीतलं.

आमच्या बावडीबद्दल लिहिलेल्या तीन गोष्टी आहेत.

पहिला, दगड. पणजोबांनी बसवलेला, उर्दूत आणि खाली नागरीत: ही बावडी अल्लाहच्या वास्ते, बारा हात खोदली, पाणी मीठा, येणाऱ्याजाणाऱ्याने प्यावं. याच दगडामुळे आमच्या दारात आलेल्या कोणालाही आधी बावडीचा ग्लास दिला जातो. याच दगडामुळे, गावातली नळाची लाइन वस्तीपर्यंत आणायचं ठरलं तेव्हा अब्बांनी नको म्हणून सांगितलं. लोक आमच्याकडे पाणी प्यायला येतात, आम्ही नळाला हात पसरायचा का, असं म्हणाले. वस्तीतल्या सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं होतं.

दुसरं, हिरवं कार्ड. तालुक्याहून माणूस येऊन पाणी तपासून गेला, त्याचं. पिण्यास योग्य. ते शाकीबभाईंनी कपाटात कुराणशरीफच्या खालच्या खणात ठेवलं आहे.

तिसरा, माझा रिपोर्ट. अम्मीचं अंग सुजायला लागलं तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी विचारलं की पाणी कुठलं पिता. मी चैत्रात नळाखाली बाटली धरली, म्हणजे मोटर ज्या नळाला जोडली आहे त्याच्याखाली, आणि अकोल्यात तपासायला दिली. पिण्यास अयोग्य. क्षार इतके की कागदावरचा आकडा मला दोनदा विचारावा लागला.

तो कागद घेऊन मी घरी आलो त्या दिवसाबद्दल लिहितो, कारण त्या दिवशी अंगणात काय झालं ते आम्ही तिघं तीन तऱ्हेने सांगतो. मी म्हटलं, हे पाणी बंद करा. अब्बांनी कागद हातात घेतला नाही. ते दगडाजवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पत्थर झूटा, और तेरा कागज सच्चा?" मी म्हटलं, हो, झूटा. शाकीबभाईंनी आतून हिरवं कार्ड आणलं आणि म्हणाले की तुझी लॅब पाण्याचे कॅन विकणाऱ्यांची आहे, सरकारी कागद बघ. मी म्हटलं, सरकारी माणूस चहा पिऊन गेला असेल. मग जे व्हायचं ते झालं. आत अम्मी खाटेवर होती. तिने पाणी मागितलं. अब्बा आमच्याकडे पाहत पाहत नळावर गेले, ग्लास भरला आणि तिला दिला. तिने पूर्ण पिला. ते पणजोबांसाठी होतं, अब्बांसाठी होतं की तिला नुसती तहान लागली होती, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतरच्या रमजानमध्ये अम्मी, हलीमाबी, गेली. पाण्यामुळेच गेली असं लिहून द्यायला कोणी डॉक्टर तयार नाही आणि मीही तसं लिहीत नाही. अब्बा म्हणाले, दगडाची माफी मागशील त्या दिवशी बोलेन. मी निघालो.

आता इथे माझं तेच सुरू झालं. आठवड्यातून दोनदा सुईला बांधून घेऊन मशीनशेजारी पडावं लागतं. पुढे किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत, विषय बदलतात. पडून पडून मी तो अकोल्याचा रिपोर्ट वाचत असे. फक्त शेवटची ओळ वाचायचो, अयोग्य, आणि मनात अब्बांशी भांडायचो. दर वेळी मीच जिंकायचो. जिंकून काही उपयोग होत नव्हता.

मग इथल्या डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं, पाणी कुठलं. मी रिपोर्ट दिला. मग वाटलं, अर्धंच सांगणं बरं नाही, म्हणून भाभीकडून मोबाइलवर मागवलेले हिरव्या कार्डाचे आणि दगडाचे फोटोही दाखवले. त्या माझ्याच वयाच्या आहेत, गुजराती आहेत, त्यांना आमच्या भांडणाचं काही माहीत नाही. तिन्ही पाहिले आणि सहज म्हणाल्या, "ये तीन अलग-अलग कुओं के हैं क्या?"

मी म्हटलं, नाही, एकाच बावडीचे. त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. मी मात्र तिथेच अडकलो. कारण चार वर्षं मी एकच प्रश्न विचारत होतो की यातलं खोटं कोणतं. तिन्ही खरे असतील तर काय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्या दिवशी मी तिन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि शेवटची ओळ सोडून बाकीचं वाचलं. दगड म्हणतो बारा हात. आम्ही लहानपणापासून समजायचो की ही पणजोबांच्या मेहनतीची बढाई आहे. हिरव्या कार्डावर महिना सप्टेंबर, म्हणजे भादव्यातला, पावसाने बावडी भरलेली. माझ्या रिपोर्टवर महिना एप्रिल, नमुना नळाचा, म्हणजे तळातल्या बोअरातला. मी भाभीला फोन लावला आणि विचारलं की कार्डवाला माणूस आला तेव्हा पाणी कशातून घेतलं. भाभी म्हणाल्या, त्या दिवशी लोडशेडिंग होतं, लाइन नव्हती, मीच दोराने बादली ओढून दिली.

एवढंच. वर पावसाचं गोड पाणी तरंगतं, खाली खारं. पणजोबा बारा हातांवर थांबले आणि खरं लिहून गेले. तालुक्याच्या माणसाला वरचं पाणी मिळालं, त्याने खरं लिहिलं. माझ्या बाटलीत खालचं आलं, लॅबने खरं लिहिलं. एका बावडीत दोन पाणी आहेत. तिघांनी तीन वेळी एकेक चव घेतली, आणि आम्ही तिघं एकेकाला धरून बसलो आणि बाकीच्यांना खोटं पाडत राहिलो.

अब्बा, दगड खरा आहे. मी तो झूटा म्हटला होता, तो शब्द मागे घेतो. पण दगड बारा हातांपर्यंतच खरा आहे. त्याच्या खाली आपण गेलो, पणजोबा नाही गेले.

४. डाळ. हे कलम लिहू नये असं वाटत होतं.

इथे आम्ही लीलाबाईंच्या खाणावळीत जेवतो. त्या आणि त्यांचे यजमान महादेवराव मूळचे वलगावचे. मी खारपाण पट्ट्यातला हे कळल्यावर लीलाबाईंनी वाढता वाढता विचारलं, "मंग तुमच्या घरी डाय कशी शिजे रे बाप्पा?" खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, दडस राहते, हे तिकडच्या सगळ्या बायांना माहीत असतं. मी म्हटलं, आमच्याकडे चांगली शिजायची, एकदम मऊ. अम्मी डाळीसाठी दोराने बादलीभर वरचं पाणी काढायची.

आणि हातातला घास तसाच राहिला.

अम्मी डाळीला वरचं पाणी घ्यायची. आम्हाला नळाचं द्यायची. डाळ बिघडू नये म्हणून. माणसाचं काय, माणूस कोणत्याही पाण्यात शिजतो. भाभींना विचारलं.  त्या म्हणाल्या की अम्मीने शिकवलं तसंच मी अजून करते, डाळीचं वेगळं, प्यायचं नळाचं, विजेची लाइन आली की घरात सगळे नळ सोडतात. मग रडायला लागल्या. भाभी, हे तुमच्यावर नाही. घरात तीन मजकूर होते, त्यावर तिघं मर्द भांडत होते. चौथी गोष्ट तुम्हा दोघींच्या चुलीवर रोज शिजत होती, आणि ती कोणी विचारली नाही. मीही नाही विचारली.

५. कागदांची वाटणी. या कागदांना बाजारात किंमत नाही, म्हणून ते तिसऱ्या हिश्श्यात मोजू नयेत. ज्याने जो नीट वाचला नाही तो त्याला मिळावा. अकोल्याचा रिपोर्ट अब्बांना. दगडाचा फोटो मोठा करून शाकीबभाईंना, त्यांनी त्यातलं बारा हात हे रोज वाचावं. हिरवं कार्ड माझ्या नावाने ठेवावं, कारण त्या माणसाला मी चहाचा टोमणा मारला होता. मोबाइल अनीसाभाभींना. अट एकच, तिन्हीपैकी कोणताही कागद एकट्याने वाचू नये. वाचायचा तर अब्बा आणि शाकीबभाईंनी तिन्ही समोर ठेवून वाचावा आणि भाभींनी मध्ये बोलावं.

६. बावडी. बावडी माझी नाही, म्हणून हे हुकूम नाहीत, विनंती आहे. हरभरा निघाला की शाकीबभाई बोअर आणखी खोल करणार आहेत, गाडीवाल्याला सांगून ठेवलं आहे. नको. भाई, मी पाया पडतो, नको. जितकं खाली जाल तितकं पाणी जास्त येईल आणि तितकं वाईट येईल. बोअरचं तोंड बंद करा, तळ माती भरून वर आणा, दोराने वरचं काढा, आणि उन्हाळ्यात ते उतरलं की पिण्याला घेऊच नका. गावात जाऊन नळाची लाइन मागा. मला यातलं पक्कं कळतं असं मी म्हणत नाही. भूजलाच्या साहेबांना बोलवा, त्यांच्यापुढे तिन्ही ठेवा, ते म्हणतील तसं करा. फक्त तोवर खोल जाऊ नका.

भाभी सांगतात की महिन्याभरापासून सकाळी अमरीनचे डोळे सुजलेले असतात. शाकीबभाई म्हणतात, झोप जास्त झाली. अम्मीचं पण असंच सुरू झालं होतं, आणि तेव्हाही घरात झोपच जास्त झाली होती. तिची लघवी आणि रक्त तपासून घ्या, याच आठवड्यात. बँकेतले पैसे त्यासाठी आधी वापरा, मी मरायची वाट बघू नका, भाभींना एटीएम कार्डचा नंबर सांगितला आहे. अमरीन, वाचत राहा. तुला काही झालेलं नाही. तुला काही होऊ नये म्हणून चाचू एवढं लांब लिहितो आहे.

७. माझं मयत. मला इथेच मोरबीत दफन करावं, घरी आणू नये. आणलं तर अब्बा घुसलसाठी, म्हणजे मयताच्या आंघोळीसाठी, बावडीचंच पाणी घ्यायला लावतील, आणि एवढं पाणी दोराने कोण काढतं, कोणीतरी जाऊन बटण दाबेल. माझ्यासाठी ती मोटर एकदाही चालू होऊ नये.

८. हे मृत्युपत्र मी मेल्यानंतर उघडायचं नाही. ते मी आताच शेखरच्या हातात देऊन पाठवतो आहे. वकील म्हणाले, असं कोणी करत नाही. पण मी मेल्यावर ते पोहोचेपर्यंत बोअरची गाडी येऊन गेलेली असेल, आणि मी लवकर मरावं अशी दुआ मागायची वेळ माझ्यावर आली होती. ती मागितली पण, एकदा. मग हे सुचलं.

मृत्युपत्र हयातीत रद्द करण्याचा हक्क कायद्याने मला आहे आणि तो मी राखून ठेवतो. शेखर स्टार्टरजवळ उभा राहील. ज्या दिवशी मोटर वर येईल, बादलीचं पाणी आधी अमरीनला मिळेल, आणि ते मला अब्बा फोनवर स्वतःच्या तोंडाने सांगतील, त्या दिवशी मी हा कागद रद्द करीन आणि नवा कोणाच्याही नावाने लिहिणार नाही. शेखरला मोटर तरीही मिळेल. अब्बा, माफी मी वर मागितलेली आहे, तिसऱ्या कलमाच्या शेवटी. अमरीनला ती पुन्हा वाचायला लावा. फोन दिवसभर माझ्या उशाशी असतो.

हे सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिलं आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: मोरबी
तारीख: ११ मार्च २०१६

(सही)
इमाद उस्मान बागवान

साक्षीदार:
१. महादेवराव काळमेघ, मूळ रा. वलगाव, ता. जि. अमरावती, ह. मु. मोरबी, खाणावळवाले (सही)
२. हाफिज नूरमहंमद, रा. मोरबी (सही)